विश्लेषण : नेटवर्किंगमधील आठ तासांची ‘सीसीआयई’ परीक्षा इतकी अवघड का?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंदच राहिले. कारण सायबर हल्ला नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीची डेटा सेंटर जोडणारे जाळेच तुटले होते. दूरून दुरुस्ती करता येईना, तेव्हा अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले. अशा वेळी व्याख्या पाठ असून भागत नाही. दबावाखाली बिघाड शोधता यावा लागतो. नेमके हेच कौशल्य तपासणारी परीक्षा म्हणून ‘सीसीआयई’ ओळखली जाते.

ही परीक्षा काय आहे?

नेटवर्किंग उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीने १९९३ मध्ये ‘सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट’ म्हणजेच सीसीआयई हे प्रमाणपत्र सुरू केले. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यातला पहिला क्रमांक, १०२४, माणसाला नव्हे तर परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देण्यात आला. आधी दोन तासांची लेखी परीक्षा आणि ती उत्तीर्ण झाल्यावर प्रात्यक्षिक, असे तिचे दोन टप्पे आहेत. पूर्वी दोन दिवस चालणारे प्रात्यक्षिक २००१ पासून एका दिवसाचे झाले. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते.

आठ तासांत काय करावे लागते?

२०२० मध्ये लागू झालेल्या रचनेनुसार प्रात्यक्षिकाचे दोन भाग आहेत. पहिले तीन तास आराखड्याचे. एका काल्पनिक कंपनीचे ईमेल, नकाशे आणि गरजा वाचून नेटवर्क कसे असावे ते ठरवायचे. येथे उत्तर देऊन पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. उरलेल्या पाच तासांत नेटवर्क उभारायचे, बिघाड दुरुस्त करायचे आणि कामगिरी सुधारायची. दोन्ही भागांत किमान गुण आणि शिवाय एकूण गुणही पुरेसे लागतात. एका भागातली भरघोस कमाई दुसऱ्यातली घसरण झाकू शकत नाही.

अडचण नेमकी कुठे येते?

एक उदाहरण पाहू. दोन राउटरनी एकमेकांना मार्गांची माहिती द्यावी यासाठी ‘ओएसपीएफ’ हा प्रोटोकॉल वापरतात. दोघांनी स्वीकारलेली पॅकेटची कमाल मर्यादा वेगळी असेल, तर ते एकमेकांना ओळखतात, पण माहितीची देवाणघेवाण अर्ध्यावरच अडकते. गंमत अशी की ‘पिंग’ करून पाहिले तर उत्तर व्यवस्थित येते, कारण पिंगची पॅकेट लहान असतात. वरवर सारे ठीक, आत गाडी रुतलेली. अनुभवी अभियंता दोन-तीन कमांडमध्ये मूळ गाठतो. नवखा बरोबर असलेल्या सेटिंगही बदलत सुटतो आणि एका बिघाडाचे तीन करतो. परीक्षेत घड्याळ चालूच असते आणि सगळे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच वेळेचे भान आणि प्रत्येक बदलानंतर खात्री करण्याची सवय ज्ञानाइतकीच महत्त्वाची ठरते.

पाठांतर का चालत नाही?

फुटलेले प्रश्न आणि तयार उत्तरे, म्हणजे ‘डम्प’, पाठ करून प्रमाणपत्रे मिळवण्याचा धंदा या क्षेत्रात जुनाच आहे. मात्र प्रात्यक्षिकात परिस्थिती जराशी बदलली तरी पाठ केलेले उत्तर निरुपयोगी ठरते. शिवाय डम्पच्या जोरावर उत्तीर्ण झालेल्याची खरी परीक्षा नोकरीत, नेटवर्क बंद पडल्यावर होते. आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगापेक्षा ‘जर्नल पूर्ण’ करण्याला महत्त्व मिळते, ते चित्र येथे आठवावे. चुकून, शोधून, दुरुस्त करून पाहण्याची संधी ज्याला कधी मिळालीच नाही, त्याला ही परीक्षा डोंगरासारखी वाटणारच.

खर्च आणि तयारीचे काय?

प्रात्यक्षिकाचे शुल्क दीड हजार डॉलरहून अधिक, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या पुढे आहे आणि प्रत्येक प्रयत्नाला ते नव्याने भरावे लागते. भारतात बंगळूरु येथे परीक्षा केंद्र असल्याने परदेशवारी टळते. सरावासाठी महागडे राउटर विकत घेण्याचीही गरज उरलेली नाही. ‘जीएनएस३’ किंवा ‘ईव्ही-एनजी’सारख्या सॉफ्टवेअरमुळे पुरेशी मेमरी असलेल्या संगणकावर अख्खे नेटवर्क उभारता येते.

मग ही परीक्षा कोणी द्यावी?

तिच्यासाठी पदवीची वा अनुभवाची सक्ती नाही. पण पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा, असे सिस्कोच सुचवते. त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला ‘थेट सीसीआयई, मग लाखोंचे पॅकेज’ असे स्वप्न विकणाऱ्या जाहिरातींपासून पालकांनी सावध राहावे. आधी ‘सीसीएनए’, मग काही वर्षे प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर ही परीक्षा, हा क्रम संथ असला तरी शहाणपणाचा आहे. कर्ज काढून घाईने दिलेल्या प्रयत्नापेक्षा स्वतः मुद्दाम नेटवर्क बिघडवून ते दुरुस्त करण्यात घालवलेले शंभर तास अधिक मोलाचे. प्रमाणपत्र हुकले तरी ते तास वाया जात नाहीत.