नांदी पाठ, भरतवाक्याचा पत्ता नाही

चवथीला आमच्या मूळ घरी तीस-पस्तीस माणसं जमतात. आरती आणि जेवणं आटोपली की एका कोपऱ्यात पत्ते, दुसऱ्या कोपऱ्यात बुद्धिबळाचा पट, हा क्रम मी लहानपणापासून पाहतो आहे. यंदा पटावर माझी नऊ वर्षांची भाची बसली. दोन वर्षं ती एका क्लासला जाते. सिसिलियन, इटालियन, लंडन... मला गोव्यातल्या तालुक्यांची नावं येतात तशी तिला ही नावं येतात. माझ्या चुलतभावाची तिनं पार दाणादाण उडवली. त्याचा एकटा राजा उरला, ए८ वर, कोपऱ्यात. हिच्याकडे राजा आणि वजीर. मोठ्या ऐटीत तिनं वजीर बी६ वर ठेवला.

शह नाही, आणि काळ्या राजाला जायला एकही घर नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत!

पोरगी रडायला लागली. "मामा, वजीर माझ्याकडे आहे ना? मग बरोबरी कशी?" त्यानंतर तिनं पटाला हात लावलेला नाही. क्लासही बंद आहे. मी बहिणीला विचारलं, हे त्यांनी शिकवलं नाही? ती म्हणाली, "एंडगेम पुढच्या लेव्हलला आहे म्हणे." पुढची लेव्हल म्हणजे पुढची फी, हे कारकुनाला कुणी समजावून सांगायला नको.

आपण गोव्याची माणसं नाटकवेडी. नांदी तेवढी पाठ करून घेतली आणि शेवटचा अंक बसवलाच नाही, असं नाटक देवळाच्या मांडवात उभं राहिलं तर आपण सोडू का? पण बुद्धिबळात हेच पैसे मोजून करवून घेतो.

म्हणे एंडगेम कठीण, लहान मुलांसाठी नव्हे! अहो, बत्तीस मोहरी कठीण की तीन? कापाब्लांका जगज्जेता झाला ते १९२१ साल. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या 'चेस फंडामेंटल्स'ची सुरुवातच साध्या मातींनी होते. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, मग राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा. आधी हे, बाकीचं मागाहून. माझ्या भाचीला एवढंच सांगायला हवं होतं की कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या चालीवर वजीर ठेवू नकोस, आधी स्वतःचा राजा जवळ आण. पाच मिनिटांचं काम.

माझे आजोबा एकटा राजा उरला की "बुर्ज झाला" म्हणून पट आवरत. जिंकणाऱ्याला पुरतं श्रेय नाही आणि हरणाऱ्याची पुरती लाजही नाही. आजचे नियम वेगळे, पण मर्म तेच. मोहरी जास्त असणं म्हणजे जिंकणं नव्हे, मात करावी लागते. नुसत्या राजासमोर नुसता उंट किंवा नुसता घोडा असेल तर मात होतच नाही. दोन घोडे असले तरी समोरचा चुकल्याशिवाय होत नाही. पन्नास चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलं नाही, तर बरोबरी मागता येते. हे नियम दुबळ्याला शेवटपर्यंत लढायचं कारण देतात. काही पालक स्टेलमेटला अन्याय म्हणतात. मला तो बेसावध विजेत्याला झालेला योग्य दंड वाटतो.

आता मारामारीकडे वळू. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, हा हिशेब मुलांना पाठ असतो. मग तीनला तीन दिसले की मारलंच! कशासाठी, ते कुणी विचारत नाही. आपलं पारडं जड असेल तर मोहरी कापावीत पण प्यादी राखावीत, कारण नवा वजीर प्याद्यातूनच होतो. पारडं हलकं असेल तर उलट करावं, प्यादी कापत सुटावं. शेवटचं प्यादं गेलं की समोरच्याचा जास्तीचा उंटही निकामी.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण दोघांकडे हत्ती आणि उंट असल्यानं डाव बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेननं हत्तीला हत्ती देऊ केला. गुकेशनं तो घेतला, मग उंटाला उंट भिडवला. डिंगचा उंट कोपऱ्यात होता, त्याला सुटका नव्हती. पाचला पाच, तीनला तीन. गुणांच्या हिशेबात कुणाचंच नुकसान नाही, पण उरलेला राजा-प्याद्यांचा डाव हरलेला होता. अठ्ठावन्न चालींत खेळ संपला आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. आपण पेढे वाटले, पण त्या एका अदलाबदलीत काय घडलं ते किती क्लासांनी पटावर मांडून दाखवलं?

क्लासवाल्यांची बाजूही ऐकली. मुलांना कंटाळा येतो, सापळे शिकवले की ती पटकन जिंकतात, पालक खूश होतात. शेवटचं खरं आहे, आणि दोष तिथेच आहे. स्पर्धेहून आलेल्या मुलाला आपण "किती जिंकलास?" एवढंच विचारतो. बरोबरी सांगितली की चेहरा पडतो. आपल्या हडफड्यात २०२५ च्या नोव्हेंबरात विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तिचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीतच सुटले होते. सिंदारोव जिंकला तो टायब्रेकमध्ये. ते दोन डाव फुकट गेले म्हणायचं काय?

कंटाळ्याचं म्हणाल तर पटावर फक्त दोन राजे आणि आठ-आठ प्यादी मांडून द्या. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. पोरं जेवायला उठत नाहीत! राजा प्याद्याच्या पुढे चालवायचा की मागे, हे ती चार डावांत आपसूक शिकतात.

मीही निर्दोष नाही. त्या दिवशी भाचीच्या मागे उभा राहून "मार, मार!" म्हणत होतो. राजा पुढे आण, हे एकदाही म्हटलं नाही.

वाचकहो, मुलाचं नाव घालण्यापूर्वी क्लासमध्ये एकच विचारा, पहिल्या महिन्यात एकट्या राजाला मात करायला शिकवता का? उत्तर "पुढच्या लेव्हलला" असं आलं तर छत्री उचला आणि घरी या.

येत्या रविवारी मी बहिणीकडे जातोय. पट घेऊन, पण फक्त राजे आणि प्यादी. बसेल की नाही, बघू.