आधी हार्पून, मग बंदूक

ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला कानाक नावाचं गाव आहे. वस्ती सहाशेच्या आसपास. इथल्या शिकाऱ्याकडे मोटारबोट आहे, दुर्बीण लावलेली बंदूक आहे, खिशात मोबाइल आहे. तरीही उन्हाळ्यात जवळच्या इंगलफील्ड खाडीत नारव्हाल देवमासे शिरले की मोटारबोट फक्त शिकाऱ्यांच्या तळापर्यंत येते. तिथून पुढे कायाक. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास आणि आत एकच माणूस. वसंतात समुद्र अजून गोठलेला असतो, तेव्हा हीच कायाक कुत्र्यांच्या घसरगाडीवर लादून बर्फाच्या कडेपर्यंत नेतात. शिकारी उंचवट्यावर बसून तासन्‌तास पाणी न्याहाळतो. कळप दिसला की खाली उतरतो, कायाकमध्ये शिरतो आणि आवाज न करता मागून जवळ सरकतो.

ही काही हौस नाही, तिथला नियम आहे. कानाकच्या परिसरात नारव्हालला आधी हार्पून लागलं पाहिजे, गोळी त्यानंतर. उन्हाळ्यात या खाडीतल्या शिकारीत मोटारबोटीवर निर्बंध आहेत.

नारव्हाल म्हणजे चार-पाच मीटर लांबीचा, दीड टनापर्यंत भरणारा आर्क्टिकमधला दात असलेला देवमासा. नराच्या वरच्या ओठातून पीळ पडलेला डावा दात बाहेर येतो आणि अडीच-तीन मीटरपर्यंत वाढतो. मध्ययुगीन युरोपात तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून राजेरजवाड्यांना विकला जाई. कानाकच्या माणसाला मात्र सुळ्यापेक्षा कातडं महत्त्वाचं. चरबीच्या थरासकट कापलेलं हे कातडं म्हणजे मात्ताक. ते कच्चंच खातात. भाजीपाला न उगवणाऱ्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या ‘क’ जीवनसत्त्व मिळालं ते बव्हंशी यातूनच.

आता नियमाचं कारण पाहू. हार्पूनचं टोक जनावराच्या अंगात रुतलं की दांडा सुटून येतो. टोकाला दोर असतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला सीलच्या कातड्याचा फुगा, म्हणजे अवताक. नारव्हाल बुडी मारतो, फुगा त्याला मागे ओढतो, दमवतो आणि तो कुठे आहे हेही दाखवतो. मग बंदूक. हाच क्रम उलटा केला, तर गोळी लागलेलं जनावर अनेकदा तळाशी जातं. ते कुणाच्या ताटात येत नाही आणि कुठल्या हिशेबातही धड धरलं जात नाही. ग्रीनलंड सरकारने २००४ मध्ये नारव्हालच्या शिकारीला कोटा लावला, २००६ मध्ये सुळ्यांची निर्यात थांबवली. हे दोन्ही निर्णय योग्यच होते. पण कोटा मोजतो तो किनाऱ्यावर ओढून आणलेलं जनावर; बुडालेल्याची चिंता हार्पून वाहतं.

दुसरं कारण आवाजाचं. नारव्हाल ऐकण्यावर जगतो. महिनोन्‌महिने अंधार, वर बर्फाचं छत आणि दीड किलोमीटरहून खोल बुड्या. तिथे डोळ्यांचा उपयोग तो किती? पूर्व ग्रीनलंडमधल्या स्कोर्सबी खाडीत संशोधकांनी नारव्हालच्या अंगावर ध्वनिमापक बसवून एक जहाज जवळपास फिरवलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चक्रावणारे आहेत. जहाज बारा किलोमीटरवर असतानाच भक्ष्य शोधताना काढायचे आवाज निम्म्यावर आले, सात-आठ किलोमीटरवर ते पूर्ण थांबले आणि परिणामाच्या खुणा चाळीस किलोमीटरपर्यंत सापडल्या. म्हणजे जहाज क्षितिजाआड असतानाच जनावराच्या तोंडचा घास जातो. शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून जे दाखवलं, ते वल्हं अलगद पाण्यात घालणारा शिकारी अनुभवाने जाणून होता.

बाहेरची माणसं मात्र या कायाककडे कौतुकाने बघतात आणि तिथेच चुकतात. ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ हे शब्द पर्यटनाच्या जाहिरातींत शोभतात. कानाकच्या बाबतीत ते खरेही नाहीत. १८१८ मध्ये जॉन रॉस या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची गाठ इथल्या इनुघुइट लोकांशी पडली, तेव्हा त्यांच्याकडे कायाक नव्हतीच. पूर्वजांची ही विद्या मध्येच कधीतरी लोपली होती. साथीच्या रोगात जाणती माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर कलाही, असं सांगितलं जातं. पुढे १८६०च्या दशकात कित्लारसुआक नावाच्या म्होरक्यामागून आजच्या कॅनडातल्या बॅफिन बेटाकडची काही कुटुंबं बर्फावरून मजल-दरमजल करत इथे पोचली. त्यांनी कायाक, धनुष्यबाण आणि मासे टोचायचा त्रिशूळ पुन्हा शिकवला. ज्यांच्या आजोबांना कायाक माहीत नव्हती, त्यांनी ती शिकून घेतली आणि पुढे मोटार आल्यावरही या एका कामासाठी हट्टाने राखली. याला नुसती परंपरा म्हणणं म्हणजे त्या माणसांच्या शहाणपणाला कमी लेखणं आहे. त्यांनी विचार करून निवड केलेली आहे.

मराठी वाचकाला शिकारीचं समर्थन खटकेल आणि ते साहजिक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे आणि तसाच राहावा. पण जिथे गहू-तांदूळ जहाजाने येतो आणि तेही समुद्र मोकळा असेल तेव्हाच, तिथली शिकार आणि संस्थानिकांच्या बंदुकांची शिकार एका मापाने मोजता येत नाही. मुद्दा मारावं की नाही हा नाही. घ्यायचंच आहे, तर हाताला आवर कशाने घालायचा, हा आहे.

अवजारालाच वेसण घालण्याची युक्ती अमेरिकेनेही वापरली आहे. तिथे स्थलांतरित पाणपक्ष्यांवर मोटारबोटीतून गोळी झाडायची, तर इंजिन पूर्ण बंद हवं आणि त्याच्या जोरावर चाललेली बोट थांबलेली हवी, असा संघराज्याचा नियम आहे. शिडाच्या बोटीलाही तोच न्याय. वल्ह्याच्या होडीवर हे बंधन नाही, म्हणून बदकांमागे जाणारे कितीतरी लोक दलदलीत कनू किंवा कायाक घालतात. मिनेसोटात कॅनडाच्या सीमेलगत हजाराहून अधिक तलावांचं बाउंडरी वॉटर्स हे राखीव रान आहे. १९७८च्या कायद्यापासून तिथल्या बहुतेक तलावांवर मोटारबोटीला मज्जाव आहे. मूसच्या शिकारीला जाणारा माणूस कनूने एक तलाव ओलांडायचा, कनू खांद्यावर घेऊन जंगलवाटेने पुढच्या तलावावर जायचा. मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं चार-पाचशे किलोचं धूड. ते मारल्यावर तुकडे करून त्याच वाटेने, खेप-खेप करत आणायचं. ट्रिगर दाबण्याआधी माणूस पाठीचा विचार करत असणार!

तरीही २०१३ मध्ये मिनेसोटाला मूसच्या शिकारीचे परवाने बंद करावे लागले. मूस झपाट्याने घटले होते. परजीवी, लांडगे, बदलतं हवामान अशी कारणं गुंतलेली आहेत. होडी कितीही सावकाश चालली तरी जंगलाचं आजारपण तिला बरं करता येत नाही. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तर नारव्हालची अवस्था इतकी बिकट आहे की उत्तर अटलांटिकमधल्या सस्तन सागरी प्राण्यांच्या आयोगाच्या वैज्ञानिकांनी तिथली शिकार शून्यावर आणा, असं सांगितलं. सरकारने त्यानंतरही कोटे दिले. कायाकचं कौतुक करताना हे लपवून चालणार नाही: जिथे आकडे शून्य म्हणतात, तिथे शून्यच.

मग कानाकच्या नियमातलं घेण्यासारखं काय? तो मोडला की लगेच कळतं, हे. शांत खाडीत इंजिन सुरू झालं की दूरवरच्या शिकाऱ्यालाही ऐकू जातं, आणि ऐकणारा स्वतः नियमात बांधलेला असतो. कळप बिथरला तर नुकसान त्याचंच. शिवाय शिकारीचे कायदे शिकाऱ्यांनी बसून ठरवायचे, ही तिथली सवय जुनी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ध्रुवप्रदेशाचे डॅनिश संशोधक क्नुद रासमुसेन यांच्या पुढाकाराने शिकाऱ्यांची परिषद आली तेव्हापासूनची. राखणदार आणि राखायचा तो माल यांत अंतर नसलं की गस्तीचा खर्च वाचतो.

नेमकं हेच कोकणात हुकलं आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६च्या अधिसूचनेने माशांच्या थव्याला वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांना काळाची आणि क्षेत्राची मर्यादा घातली. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. दोन्ही नियम अवजारावरचेच, कागदावर चोख. आणि मोडला की दिसतो, हा गुणही त्यांत आहे. इंजिन ऐकू येतं, तसा काळोख्या समुद्रातला एलईडीचा झगझगाट मालवणच्या किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसतो. पण रापण ओढणाऱ्या माणसाने तो पाहिला तरी हातात काय? तक्रार करायची, मोर्चा काढायचा, गस्तीनौकेची वाट बघायची. नियम ज्याच्या पोटासाठी केला, त्याला तो राबवण्यात जागाच नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने गस्तीनौका जरूर वाढवाव्यात. पण त्याआधी गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांच्या नोंदीला, त्यांनी काढलेल्या चित्रणाला कारवाईचा आधार म्हणून वजन द्यावं.

नियम राबवणं हाताबाहेर असण्याचा हा प्रश्न कानाकलाही आता वेगळ्या वाटेने गाठतो आहे. बर्फ पातळ होतोय आणि ज्या पाण्यात शिकाऱ्याला इंजिन चालवण्याची मुभा नाही, तिकडे पर्यटकांची आणि खनिजांच्या शोधातली जहाजं वळत आहेत. बॅफिन बेटावर, म्हणजे कित्लारसुआकची माणसं जिथून निघाली त्या बाजूला, हे आधीच घडलंय. मेरी रिव्हरच्या खाणीतलं लोहखनिज नारव्हालच्या उन्हाळी मुक्कामातून जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या इनुइट शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवून धरला. पुढच्या वर्षी नुनावुतच्या प्रकल्प-परीक्षण मंडळाने खाणीचा विस्तार नाकारावा अशी शिफारस केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडा सरकारने ती मान्य केली. ग्रीनलंडच्या सरकारने इंगलफील्ड खाडीपुरता एवढाच निर्णय करावा: नारव्हाल आत असतील त्या आठवड्यांत मोठ्या जहाजांनी तोंडापाशीच थांबावं, आणि ते आठवडे कोणते हे कानाकच्या शिकाऱ्यांनी सांगावं.