ऋण मान्य करण्यात कमीपणा कसला?

शाळांतून प्रकल्पवह्यांचे गठ्ठे जमा होऊ लागले की एक जुनाच प्रकार नव्याने दृष्टीस पडतो. विषय परिसरातील जलस्रोतांचा असतो, आणि वहीत गावातील एका विहिरीचेही नाव नसते. पूर्वी असा मजकूर मार्गदर्शक पुस्तकांतून उतरे, पुढे तो इंटरनेटवरून येऊ लागला. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर उतरवून काढण्याचे कष्टही उरलेले नाहीत.

याला वाङ्मयचौर्य म्हटले की पालक दुखावतात. एवढ्याशा मुलाला चोर काय म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. कारण अनेक घरांत हे काम मूल करतच नाही. वही देण्याच्या आदल्या रात्री आई-वडील ते उरकतात आणि मूल शेजारी बसून पाहते. ते शिकते ते नेमके हेच.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा कोणाचा समज असेल तर तो निराधार आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांची स्वतंत्र अध्यायांतून चिकित्सा केली. अर्थ दुसऱ्याचा, केवळ वाक्यरचना आपली, अशा प्रकाराला त्याने 'प्रतिबिंबकल्प' असे नाव दिले आणि तो त्याज्य ठरविला. चार शब्द बदलले की लेखन आपले झाले असे मानणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हे नाव चपखल बसते. (राजशेखर सर्वच उसनवारीबाबत इतका कठोर नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.)

दुसऱ्याचे घेणे हा मुळात दोष नव्हेच. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'च्या आरंभीच पूर्वाचार्यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचे नमूद केले. ज्ञानेश्वरांनी व्यासांचे व भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने सांगितले. त्याने ज्ञानेश्वरीचे तेज उणावले नाही. अध्ययनाने ऋषिऋण फेडावे, असे आपली परंपरा सांगते. ज्याचे नावच पुसून टाकले, त्याचे ऋण फेडणार कसे?

व्यवहारात हे अवघड नाही. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, ही सर्वज्ञात माहिती. तिला आधार देण्याची गरज नाही. परंतु त्या घटनेचा एखाद्या इतिहासकाराने लावलेला अन्वयार्थ घेतला, तर त्याचे नाव व ग्रंथ सांगितलाच पाहिजे. शब्द त्याचेच असतील तर ते अवतरणचिन्हांत हवेत. मुलाने पुस्तक वाचावे, मिटावे, समजले ते आपल्या भाषेत लिहावे आणि मग मुळाशी ताडून पाहावे. भाषा ओबडधोबड होईल, होऊ द्यावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होऊ शकते. शाळेत ज्या सवयीला सुबक वही म्हणून पूर्ण गुण मिळाले, तिचाच जाब पुढे असा विचारला जातो.

आणि केवळ मुलांकडेच बोट कशाला? लेखकाचे नाव गाळून पुढे धाडलेले लेख, आधार न सांगता दिलेली बौद्धिके आपल्याही परिचयाची आहेत. शिक्षकांनी प्रत्येक वहीवर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारले, तर निम्मा प्रश्न सुटेल. मात्र साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ती पाच मिनिटे आणायची कोठून, हे संस्थाचालकांनी सांगितले पाहिजे. येत्या पालकसभेत आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय अवश्य मांडावा.