साथ आणि शस्त्रक्रिया

साथीच्या दिवसांत शस्त्रक्रिया करणे म्हणजे रोग्याला जाणूनबुजून संकटात लोटणे होय, ही समजूत २०२० च्या उन्हाळ्यात सामान्य जनांतच नव्हे, तर वैद्यकशास्त्राच्या जाणत्यांतही दृढ झाली होती, आणि ती अगदीच निराधार होती असे नाही. शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोनाचा संसर्ग झालेल्या, चोवीस देशांतील ११२८ रुग्णांची जी पाहणी त्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, तीत महिन्याभराच्या आत जवळजवळ चौथा हिस्सा दगावल्याची नोंद होती. आकडा भयंकर खरा. पण तो संसर्ग झालेल्यांचा आहे, शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांचा नव्हे, हा भेद भयाच्या भरात पुष्कळांच्या ध्यानी आला नाही.

परळच्या टाटा रुग्णालयाने मात्र तो ध्यानी ठेवला. लोकल गाड्या बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर नाकेबंदी आणि प्रवासाला पोलिसांचा परवाना, अशा अवस्थेत २३ मार्च ते ३० एप्रिल या मुदतीत तेथे कर्करोगाच्या ४९४ शस्त्रक्रिया पार पडल्या, त्याही बहुतेक गुंतागुंतीच्या. आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. ज्या सहा जणांना पुढे संसर्ग आढळला, तेही बरे झाले. हा सारा हिशेब तेथील शल्यविशारद शैलेश श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला आहे. अर्थात हे रुग्ण बहुतांशी वयाने लहान व एरवी धडधाकट होते, साठीपुढचे शेकडा तेराच. तेव्हा सत्तरी गाठलेल्या, दम्याने जर्जर झालेल्या रुग्णालाही हाच न्याय लावणे अविचाराचे ठरेल. निवड चोख होती, म्हणून फळ चोख मिळाले.

आता दुसरी बाजू पाहावी. वर्षानुवर्षे चुना-तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडात जो व्रण उठतो, तो वेळीच हाती लागला तर गालाचा थोडा भाग काढून भागते; तोच दोन-तीन महिने राहिला की जबड्याच्या हाडात शिरतो, मग जबडा कापून पायाचे हाड तेथे बसवावे लागते, मानेतल्या गाठी काढाव्या लागतात; आणि याहूनही उशीर झाला, तर वेदना शमवण्यापलीकडे शल्यविशारदाच्याही हाती काही उरत नाही. टाळेबंदीचा हुकूम या व्रणाला लागू नव्हता. देशातील ४१ कर्करोग केंद्रांत २०१९ च्या मार्च ते मे या तिमाहीत १७,१२० मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत त्या ८,६७७ वर आल्या. उरलेल्यांतील कित्येकांची नोंद साथीच्या बळींत कधीही होणार नाही, कारण सरकारी दप्तरात तसा रकानाच नाही.

म्हणून पुढची साथ येण्यापूर्वीच सरकारने स्पष्ट तजवीज करून ठेवावी: कर्करोगाची रुग्णालये साथीच्या रुग्णांसाठी ताब्यात घेऊ नयेत, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा व स्वतंत्र कक्षांचा खर्च खजिन्यातून द्यावा, आणि रुग्णालयाने दिलेले तारखेचे पत्र हाच रुग्णाचा व त्याच्या सोबत्याचा प्रवासाचा परवाना मानावा.