उंचीचा हिशेब

ज्या गाडीच्या मिळकतीवर घरची चूल पेटते, ती गाडी आमच्या कित्येक कुटुंबांत घरच्या माणसासारखीच सांभाळली जाते. बेळगाव-खानापूरकडचा भाजीपाला भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी पिकअप अशांपैकीच एक. पावसाळ्यात रस्ता उखणतो, शेताकडची वाट चाकोऱ्यांनी खोल होते, गाडीचे पोट खाली घासू लागते. आणि मग ‘गाडी दोन इंच वर उचलून घ्यावी’ असा विचार तरुण मालकाच्या मनात येतो. त्यासाठी लागणारे सामान बाजारात थोडक्या पैशांतही मिळते. ते घ्यावे काय, आणि कोणते, याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा बोध प्रभूने केल्याचे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात आपण वाचतो. गाडीची उंची हाही एक लहानसा मनोराच होय. आणि त्याचा सर्व खर्च दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

प्रथम, उंचीने साधते काय ते पाहू. स्प्रिंगखाली अगर स्प्रिंगवर काही घालून गाडी उचलली म्हणजे सांगाडा वर जातो. परंतु मागील आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, जो बहुधा दगडास प्रथम अडतो, तो तसूभरही वर येत नाही. त्यास उचलणारा उपाय म्हणजे मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच उचलतो. शिवाय मोठ्या टायरामुळे चढणीवर इंजिनास अधिक कष्ट पडतात आणि वेगदर्शक काटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवू लागतो.

आता उपाय. आयसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये पुढील चाके कॉइल स्प्रिंगवर स्वतंत्र असतात व मागे पोलादी पाटे असतात. पुढे सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगच्या माथ्यावर बसविण्याची चकती. स्प्रिंग ही चाकाच्या आडव्या भुजेवर चाकापासून आत टेकलेली असल्याने एक इंचाच्या चकतीने चाकापाशी सुमारे दोन इंच उंची मिळते. हा लाभ डोळ्यांत भरतो खरा. पण भुजा तिरप्या होतात, सांध्यांवर ताण येतो, खड्ड्यात चाक खाली उतरावयास जागा कमी उरते, आणि अलाइनमेंट नव्याने न केल्यास टायर एका कडेने झिजत जातात.

मागे आस व पाटे यांमध्ये ठोकळा ठेवणे हा तसाच स्वस्त उपाय. ठोकळा जितका उंच, तितका ब्रेक लावताना आस पाट्यांना अधिक पिळतो. म्हणून ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात; जुनेच पुन्हा वापरणे म्हणजे आस दैवावर सोडणे होय. ठोकळ्याऐवजी एखादा पाटा वाढविला तर गाडी भार चांगला तोलते, पण रिकामी परतताना ती उसळते आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक पकड सोडते. रोज हाकावयाच्या गाडीस खरोखर मानवणारा उपाय म्हणजे एकमेकांशी जुळणारे पुरे पाटे, स्प्रिंगा व शॉक-अॅब्सॉर्बर. आणि तो स्वस्त नव्हे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो व तो दांडीने आसाशी जोडलेला असतो. सांगाडा व आस यांतील अंतर वाढले की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी आहे असे भासते आणि तो मागील ब्रेकचा जोर कमी करतो. भरल्या गाडीने घाट उतरताना याचा अर्थ काय, हे सांगणे नलगे.

तोलाचाही हिशेब करावा. समजा, दोन चाकांमधील अंतर १,५०० मिलिमीटर व भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५० मिलिमीटर आहे. तो ५० मिलिमीटर वर नेला, तर वळणावर उलटण्यास होणारा विरोध सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. पुढच्या दिव्यांचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपवितो.

अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात अशा सामानाचा मोठा व्यापार आहे आणि त्याचे नियम तेथे राज्याराज्यांत निराळे आहेत. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ नमुन्यास बाधा आणणारा फेरफार मना करते, व जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजाविले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेविली. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो.

मग गरजू माणसाने करावे काय? सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंस मोजावे. डावे-उजवे जुळत नसेल, किंवा त्याच जातीच्या नव्या गाडीहून माप कमी भरत असेल, तर गाडी मुळात ठेंगणी नाही. तिचे पाटे बसले आहेत. निर्मात्याच्या मापाचे नवे पाटे, बुश, यू-बोल्ट व शॉक-अॅब्सॉर्बर घालावे, टायरात योग्य हवा ठेवावी आणि ठरल्याहून अधिक माल भरू नये. गेलेली उंची अशी परत मिळविणे हीच आमच्या मते सर्वांत स्वस्त व निर्धोक उंची होय. तीही अपुरी पडत असेल, तर ठोकळ्यांचे पैसे साठवावे आणि पुढील खरेदीच्या वेळी मुळातच उंच असलेली गाडी पाहावी.

२००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रवासाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात चालकांसाठी दहा आज्ञा असून पहिलीच हत्या न करण्याची आहे. गाडीमागे बसलेला हमाल, समोरून येणारा दुचाकीस्वार व घरी वाट पाहणारी मुले ही सारी त्या आज्ञेच्या छायेत येतात. येत्या २५ जुलैस, संत ख्रिस्तोफरच्या सणाला, आशीर्वादासाठी गाडी चर्चच्या अंगणात नेण्यापूर्वी मालकाने एकदा खाली वाकून तिचे पाटे व यू-बोल्ट पाहून घ्यावे, एवढीच आमची विनंती.