इशाऱ्याच्या दिव्याचे अर्थशास्त्र

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मोटारगाडीत अलीकडे एक पिवळा दिवा घर करून बसला आहे. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह, असे त्याचे रूप. चाकातील हवा कमी झाल्याचे चालकाला वेळीच कळावे, हा त्याचा हेतू. परंतु गाडीला काही वर्षे झाली की अनेकांना वेगळाच अनुभव येतो. हवा नीट असतानाही दिवा पेटतो. एका चाकातील संवेदक, म्हणजे सेन्सर, बदलला की तो काही महिने विझतो आणि मग दुसऱ्या चाकापायी पुन्हा पेटतो. ही तक्रार किरकोळ म्हणून हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः तिच्यामागे ग्राहक, उत्पादक आणि शासन यांच्या परस्परसंबंधांचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे.

या दिव्याचा जन्म अपघातांतून झाला. फायरस्टोन टायर बसवलेल्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांनी अमेरिकेत २००० साली मोठी खळबळ उडवली. त्या टायरांशी दोनशेहून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथील काँग्रेसने कायदा केला आणि पुढे सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. ठरवून दिलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की इशारा मिळालाच पाहिजे, असा तेथील दंडक आहे. युरोपीय संघात सर्व नव्या मोटारींना नोव्हेंबर २०१४ पासून ही सक्ती लागू झाली. आपल्याकडे २०२० साली मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने वेगळी वाट धरली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबविरहित टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक बाळगण्याची गरज नाही, अशी मुभा तिने दिली. म्हणजे पाचव्या चाकाची जागा काही अंशी या दिव्याने घेतली. ज्याच्यावर एवढा भार टाकला, तो विश्वासार्ह असलाच पाहिजे, हे उघड आहे.

या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चाकात काहीच बसवलेले नसते. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते व ते इतरांपेक्षा जलद फिरते. ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापक हा फरक टिपतात. हा प्रकार स्वस्त आणि टिकाऊ. मात्र चारही चाकांतील हवा सारखीच उतरली, तर तो सहसा गोंधळतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत दाब मोजणारा छोटा संवेदक असतो आणि तो रेडिओलहरींनी गाडीला वर्दी देतो. हा प्रकार अधिक अचूक खरा. पण त्याच्या पोटात लिथियमची बॅटरी असते आणि ती साधारणपणे पाच ते दहा वर्षांत संपते. बॅटरी आवरणात कायमची बंद केलेली असल्याने ती संपली की सगळा संवेदकच फेकून द्यावा लागतो. शिवाय त्याची धातूची नळी ओलाव्याने गंजते, टायर काढताना बेसावध हाताने तो फुटतो, पंक्चरसाठी भरलेल्या द्रवाने त्याचे छिद्र बुजू शकते. नवा बसवला तरी गाडीला त्याची ओळख पटवून द्यावी लागते आणि ते उपकरण रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याजवळ बहुधा नसते.

न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गरगर फिरणाऱ्या चाकात उष्णता, धक्के आणि ओलावा सोसायचा, तर बॅटरी बंदिस्त ठेवण्याला तांत्रिक कारण आहे. तेव्हा प्रत्येक बिघाडात लबाडी पाहणे अप्रस्तुत ठरेल. परंतु वस्तूचे आयुष्य मर्यादित आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की माहितीची अशी विषमता बाजारालाच पोखरते. गाडी घेताना ग्राहकाला माहितीपत्रकात दिवा दिसतो. बॅटरीचे आयुष्य आणि चार संवेदक बदलण्याचा खर्च दिसत नाही. हमीची मुदत संपल्यानंतरचा खर्च उत्पादकाच्या हिशेबात येत नाही; साहजिकच वस्तू अधिक टिकावी यासाठी पैसा ओतण्याचे त्याला कारण उरत नाही. सुट्या भागांची विक्री हाही एक नफ्याचाच व्यवसाय असल्यावर तर बोलायलाच नको.

याहून मोठी हानी पैशांत मोजता येत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. वारंवार खोटा ठरणारा इशारा माणसाला बधिर करतो. दिव्यावर काळी पट्टी चिकटवून निश्चिंत होणारे चालक विरळा नाहीत. अशातच थंडीच्या दिवसांत तापमान दहा अंशांनी उतरले की दाब सुमारे दोन पीएसआयने घटतो. आधीच हवा कमी असेल, तर पहाटे पेटलेला दिवा दुपारी विझतो आणि खरा इशाराही बिघाड म्हणून सोडून दिला जातो. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो, तापतो आणि फुटू शकतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीत या दिव्यावरचा अविश्वास जिवाशी खेळ ठरू शकतो.

मग करावे काय? ही यंत्रणाच नको, साधा दाबमापक पुरे, असे काहीजण म्हणतात. तो प्रत्येक गाडीत असावा आणि टायर थंड असताना महिन्यातून एकदा तरी वापरावा, हे खरेच. पण धावत्या गाडीतील संथ गळती त्याने कळत नाही. म्हणून यंत्रणा हवीच, पण ती उत्तरदायी हवी. पहिली गोष्ट, संवेदकाचे अपेक्षित आयुष्य आणि बदलण्याचा खर्च विक्रीच्या वेळीच लेखी सांगणे बंधनकारक करावे. दुसरी, ‘हवा कमी आहे’ आणि ‘संवेदक बिघडला आहे’ हे दोन इशारे वेगळे असावेत. अमेरिकेच्या नियमानुसार बिघाड असल्यास दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो व मग स्थिर राहतो. पण किती मालकांना हे ठाऊक असते? तो फरक शब्दांत दाखवणे आज मुळीच अवघड नाही. तिसरी, संवेदक आणि त्याची ओळख पटवण्याची पद्धत स्वतंत्र कारागिरांना वाजवी दरात उपलब्ध व्हावी.

या मागण्यांना आपल्याकडे आधारही आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर अपिले झाली, ती गोष्ट निराळी. तत्त्व मात्र स्पष्ट झाले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि संकेतस्थळही उघडले, त्यात मोटारींचा समावेश आहे. परंतु संकेतस्थळावरची माहिती म्हणजे कायद्याने मिळालेला हक्क नव्हे.

तोपर्यंत गाडीमालकाने आपल्यापुरता हिशेब करावा. गाडी जुनी झाली असेल, तर नवे टायर घालतानाच चारही संवेदक बदलून घ्यावेत. प्रत्येक वेळी टायर उतरवण्याची व तोल साधण्याची मजुरी त्यामुळे वाचते. बिल घेताना जुना संवेदक मागून घ्यावा आणि नव्याची हमी लिहून घ्यावी. जादा चाक नसलेली गाडी घेताना तर हा विचार दुप्पट करावा.

सुरक्षिततेची साधने सक्तीने वा सवलतीने लोकांच्या गळ्यात घालणे शासनाला सोपे असते. ती दहा वर्षांनंतरही खरे बोलतील, याची हमी देणे कठीण असते. पण शासनाची कसोटी तेथेच लागते.