पुढच्या दोन खोल्या

आमच्या मावशींचे घर इंदूरला रामबागेत होते. काका अकाली गेले, पेन्शन तुटपुंजी, मुलगा नोकरीनिमित्त दूरगावी. म्हणून १९९० साली त्यांनी पुढच्या दोन खोल्या एका कुटुंबास भाड्याने दिल्या. मंडळी ओळखीची, गृहस्थ गिरणीत कायम नोकर. तेव्हा लिखापढीची गरज कोणासच वाटली नाही. पहिली दोन वर्षे गोडीगुलाबीत गेली. पुढे गिरणी बंद पडली आणि भाडे थकू लागले. "माई, एवढा महिना सांभाळून घ्या," असे गृहस्थ खालमानेने म्हणत आणि मावशी सांभाळून घेत. असे नऊ महिने लोटले. अखेर मुलाचे इंदूरला परतण्याचे ठरले. खोल्या रिकाम्या करण्यावरून बोलाचाली झाली आणि संतापाच्या भरात मावशींनी पुढचा नळ बंद करविला.

दुसऱ्या दिवशी वकिलांचे बोलणे ऐकून त्या अवाक् झाल्या. ज्यांचे पैसे अडकले होते, त्याच कायद्याच्या दृष्टीने चुकल्या होत्या! मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पाण्यासारखी आवश्यक सोय तोडण्यास घरमालकास मनाई केली होती. मात्र त्याच कायद्यात त्यांच्यासाठी वाटही होती. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करावी. ती पोचल्यावर दोन महिन्यांत भाडे न आल्यास दावा लावता येई. शिवाय १९८३ च्या दुरुस्तीने विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा घरमालकांस, स्वतःच्या अथवा कुटुंबीयांच्या राहण्याची खरी गरज असेल तर, भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची वेगळी सोय झाली होती. नळ त्याच संध्याकाळी सुरू झाला. अर्ज गेला, तारखा पडल्या आणि वर्षभराने तडजोड होऊन खोल्या मिळाल्या. निम्मी थकबाकी मावशींनी सोडून दिली.

भाडेकरू हटवादी असतात, तसे लबाडही असतात. त्यांची तरफदारी मला करावयाची नाही. पण या प्रकरणात एक प्रश्न मागे उरतोच. पगार बुडालेल्या त्या कुटुंबाने जावे कोठे? त्याचे उत्तर एका विधवेच्या दोन खोल्यांनी द्यावे, अशी अपेक्षा रास्त आहे काय?

आपल्याकडील धोरणाने बराच काळ नेमकी हीच अपेक्षा केली. गिरगाव-दादरच्या नातलगांकडे उतरलेल्या वाचकांनी टेकू दिलेले जिने पाहिले असतील. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने भाडी साधारणतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे लक्षावधी कुटुंबांस आसरा मिळाला, हे खरे. परंतु त्या भाड्यात डागडुजीही परवडेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमावे लागले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवणूक अवाजवी ठरविली आणि १९९९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. पण भीती मागे राहिली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. रिकामेपणाची कारणे अनेक असतील. तथापि 'एकदा दिलेली जागा परत मिळत नाही' हे त्यांतील एक खासच आहे.

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. करार लेखी हवा, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, मुदत संपूनही जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे, आणि वादांसाठी स्वतंत्र भाडे न्यायालय, अशी त्याची योजना आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

हे झाले अर्धे काम. उरलेले अर्धे सरकारी घरांचे. आपल्या योजनांचा भर घर मालकीने देण्यावर राहिला. आज नोकरी असलेल्या आणि उद्याची शाश्वती नसलेल्या माणसास हप्ता नव्हे, माफक भाड्याची खोली हवी असते. टाळेबंदीत मजुरांचे हाल दिसल्यावर २०२० साली रिकाम्या सरकारी घरांचा भाड्यासाठी उपयोग करण्याची योजना आली आणि २०२४ च्या शहरी आवास योजनेत भाड्याच्या घरांस स्वतंत्र स्थान मिळाले. हा प्रवाह रुंद झाला पाहिजे. निवाडा लवकर मिळणे हा मालकाचा हक्क. निवाड्यानंतर उघड्यावर न येणे ही भाडेकरूची गरज. एकाची सोय दुसऱ्याच्या खिशातून करू नये.

तोवर आपल्या हाती एवढे तरी आहे. ओळख कितीही असो, करार लिहून घ्यावा. वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यास नोंदवावा. दर महिन्यास पावती द्यावी. थकबाकीची मागणी पोच मिळेल अशा टपालाने करावी. आणि पाण्याला, दिव्याला हात लावू नये.

पुढे त्या खोल्यांत मावशींचा सख्खा भाचा दोन वर्षे राहिला. त्यालाही दर महिन्याच्या पाच तारखेस पावती मिळे. तो हसत असे. मावशी हसत नसत.